दोन बोटं वरची रेघ

उंबऱ्याला ठेचकाळून मी दोनदा तोंडावर आपटलो, तेव्हा माझ्या मुलाने मला नवीन पनवेलात पाय उचलायच्या शिकवणीला घातलं. वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी! मिठागराच्या वीतभर बांधावरून डोक्यावर पाटी घेऊन ज्याची जवानी गेली, त्याला चालायला शिकवणार हे? पण मुकाट गेलो, कारण जत्रा तीन महिन्यांवर आली होती.

आमच्या गावात देवीच्या पालखीचा पुढचा उजवा दांडा आमच्या घराचा. बाप उचलतो तोवर मुलाने मागून चवरी ढाळत चालायचं. एकदा मुलाने दांडा घेतला की तो बापाकडे परत येत नाही, अशी रीत. वाट दगडांची, चालायचं अनवाणी, आणि पुढचाच अडखळला तर देवी खाली येणार. ते पाप माथी घ्यायची माझी छाती नव्हती. मीच मुलाला म्हटलं होतं, "पाय नीट उचलला गेला तरच उचलीन."

शिकवणीत बुटाच्या टोकाला टिकली चिकटवतात, फिरत्या पट्ट्यावर चालवतात आणि समोरच्या पडद्यावर आपलाच पाय दाखवतात. तिथं एक आडवी रेघ असते. बूट रेघेवरून गेला की हिरवं, खाली राहिला की लाल. पहिल्या दिवशी मी छातीठोकपणे म्हणत होतो, "उचलतोय की!" आणि पडदा नुसता लाल. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पुढे पाय सुधारला. उंबऱ्याला ठेच लागेना. बायको म्हणाली, "आता तुमची चप्पल फरफटत नाय." पण पडदा काही हिरवा होईना. घाम निथळायचा, मुलगा बाजूच्या खुर्चीतून पाण्याची बाटली पुढे करायचा. म्हटलं, यंत्राचं काय माझ्याशी वैर आहे? माझंच खोटं असणार. जत्रेच्या आठवडाभर आधी पट्ट्यावरून उतरलो आणि त्याला म्हणालो, "या वर्षी तू घे दांडा." तो माझ्या पाया पडला. मला भरून आलं. पोरगा किती गुणाचा, असं वाटलं.

जत्रेत चवरी घेऊन मी मागून चाललो. अख्खी दगडी वाट, एकदाही अडखळलो नाही. तरी माझ्या डोक्यात उजेड पडेना, इतका मी बावळट! घरी येऊन त्याच्या सुजलेल्या खांद्याला मीच हळद-तेल चोळलं.

शिकवणी चालूच होती. पुढच्या खेपेला माझ्या आधी एक आजोबा पट्ट्यावर होते. काठी टेकत आलेले, माझ्याहून वाकलेले, आणि त्यांचा पडदा हिरवागार! मी शिकवणाऱ्या मुलीला विचारलं, "मॅडम, यांची रेघ एवढी खाली कशी?"

"काका, सगळ्यांची तिथंच असते. तुमची दोन बोटं वर ठेवलीय. बाबांना पालखी उचलायचीय, जास्त सराव हवा, असं तुमच्या मुलानेच पहिल्या दिवशी सांगितलं ना? साध्या रेघेवर तुम्ही कधीच पास झाला होतात. सांगितलं होतं की मी त्यांना." त्या पोरीच्या मनात काही काळंबेरं नव्हतं.

घरी जाऊन त्याला विचारलं. त्याने मान वर केली नाही.

"तुमी पडला असता तर, बाबा?"

"मग तोंडावर सांगायचंस! भांडलो असतो, शिव्या घातल्या असत्या, पण दांडा दिला असता रे. तू मला माझ्याच पायांवर संशय घ्यायला लावलास."

"चुकलं माझं," तो म्हणाला. "पुढल्या वर्षी तुमीच घ्या दांडा."

हे ऐकून मात्र मी हादरलो. एकदा गेलेला दांडा परत येत नाही, हे त्याच्या लहानपणी, पहिल्यांदा चवरी हातात देताना, मीच त्याला सांगितलं होतं.