तिसरं पत्र

शनिवार, जानेवारीचा शेवटचा. झिंडेलफिंगेनमधलं आमचं स्वयंपाकघर. हजर: मी, नवरा, नुकतीच अठरा पूर्ण झालेली लेक, आणि तीन महिन्यांसाठी साताऱ्याहून आलेल्या सासूबाई. कोण कुठे होतं हे आधी लिहून ठेवायची माझी सवय आहे. फ्रीजवर कायम एक यादी असते आणि झालेल्या कामावर रेघ मारल्याशिवाय मला चैन पडत नाही.

सकाळी लेटरबॉक्समध्ये मतदानाची दोन पत्रं आली होती, एक माझं आणि एक लेकीचं. आम्ही दोघी जर्मन नागरिक झाल्याला दीड वर्ष झालं होतं. माझ्या आयुष्यातलं मी न मागता आलेलं हे पहिलंच सरकारी पत्र.

पुण्यात असताना दर निवडणुकीआधी यादीत नाव शोधायला जावं लागायचं. एकदा आमच्या अख्ख्या बिल्डिंगची नावं गायब होती आणि मी बोटाला शाई न लावता परत आले होते. म्हणून इथे भारतातलं लायसन्स बदलून घ्यायला गेले, तेव्हा खिडकीपलीकडच्या बाईंना विचारलं, "मतदार नोंदणीचा अर्ज इथेच मिळतो का?" अमेरिकेतल्या मावसबहिणीनं सांगितलं होतं, की तिकडे लायसन्सच्या अर्जाबरोबरच नाव मतदार यादीत जातं. बाई हसल्या. इथे असा अर्जच नसतो म्हणाल्या. घराचा पत्ता नोंदवलेला असतोच. नागरिक झालात की पत्र आपोआप घरी येतं. त्या रात्री यादीतल्या "मतदार नोंदणी" या ओळीवर मी रेघ मारली. पुढे कंसात लिहिलं: नागरिकत्व, दोघांचं.

दोघांचं असंच ठरलं होतं. भारतीय पासपोर्ट सोडायचा तर दोघांनी, राहायचं तर इथेच. दोन्ही फायली मीच तयार केल्या होत्या, रंगीत खुणा लावून. तेवढ्यात त्यानं नोकरी बदलली. "प्रोबेत्साइट संपू दे, नोकरी पक्की होऊ दे," तो म्हणाला, "तू आणि ती पुढे व्हा. सहा महिन्यांत माझी देतो." सहा महिन्यांनी तो फाईल घेऊन गेला आणि संध्याकाळी रिकाम्या हातानं आला. मी रेघ मारली.

तेव्हापासून फाईल कचेरीत पडून होती. इथे दोन-दोन वर्षं लागतात हे सगळ्यांनाच माहीत आहे, त्यामुळे मी रागावले ते कचेरीवर. दर चार महिन्यांनी त्याच्या नावानं एक स्मरणपत्र लिहायचे, पाकिटाला तिकीट लावून त्याच्या बॅगेत ठेवायचे. "टाकलं का?" "टाकलं."

तर त्या शनिवारी लेकीनं दोन्ही पत्रं टेबलावर मांडली आणि बापाला विचारलं, "बाबा, उंड दू? बिस्ट दू इलेगाल?" आणि तू? तू बेकायदेशीर आहेस का? ती जर्मनमध्येच बोलते.

"मी पाहुणा आहे," तो म्हणाला. "तुमचं सरकार तुम्ही निवडा. मी टॅक्स भरतो आणि शिव्या घालतो."

सगळे हसलो. मी पण.

मग मी म्हटलं, "सोमवारी मी सुट्टी टाकली आहे. दोघं जाऊ या कचेरीत. पुढच्या निवडणुकीला या घरात तीन पत्रं आली पाहिजेत. फाईल हरवली असेल तर तसं लिहून देऊ देत."

"कशाला सुट्टी वाया घालवतेस?"

"अरे, दीड वर्ष होत आलं तुझ्या अर्जाला! आवाज केल्याशिवाय काही होत नाही."

सासूबाई मेथी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "सांगून टाक रे बाबा एकदाचं. तिला हेलपाटा कशाला?"

"काय सांगायचंय, आई?" मी त्यांना विचारलं.

"अगं, त्यानं मला शब्द दिलाय. तुझे सासरे गेले तेव्हाच. रिटायर झालो की परत येईन, पासपोर्ट सोडणार नाही म्हणून. तुला ठाऊक असेल असंच मला वाटत होतं, आत्ता आत्तापर्यंत."

सासरे गेले त्याला चार वर्षं झाली. माझा पासपोर्ट रद्द झाला त्याला दीड. त्या दिवशी कॉन्सुलेटबाहेर मला रडू आलं होतं, तर हाच म्हणाला होता, "वेडी आहेस का, मी येतोच आहे ना तुझ्या मागोमाग." माझा फोटोही काढला होता, डोळे लाल असलेला.

"फाईल कुठे आहे?" मी विचारलं.

तो खाली गेला आणि गाडीच्या डिकीतून फाईल घेऊन आला. डिकीच्या तळाशी, झाकणाखाली ठेवली होती. त्या डिकीचीही माझी यादी आहे: धोक्याचा त्रिकोण, चमकतं जाकीट, प्रथमोपचार पेटी. झाकण मात्र मी कधी उचललं नव्हतं. फाईलमध्ये रंगीत खुणा जशाच्या तशा होत्या. शेवटच्या पानावर सहीची जागा कोरी. आणि मागच्या कप्प्यात माझी स्मरणपत्रं, चारही, चिकटवलेली, तिकिटांसकट.

"टाकून तरी द्यायचीस," मी म्हटलं.

"तू इतकं मन लावून लिहिली होतीस," तो म्हणाला. त्याला खरंच तसं वाटत होतं, आणि तेच मला सहन होईना.

"मी तिकडे पाहुणी म्हणून येऊ का मग? व्हिसा काढून?"

"तुला ओसीआय कार्ड मिळेल की, आयुष्यभराचा व्हिसाच तो. त्यात काय!"

लेक दोघांकडे बघत होती. मग ती हळूच मराठीत म्हणाली, "आई, मला पण माहीत नव्हतं." ती एरवी मराठीत उत्तर देत नाही.

मतदानाच्या रविवारी आम्ही दोघी चालत गेलो. गाडीनं सोडायला तो तयार होता, नको म्हटलं. घरी आल्यावर यादीतल्या "मतदान" वर रेघ मारली.

माझ्या कपाटात कागदांचे दोन कप्पे आहेत, "चालू" आणि "झालेलं". त्याची फाईल अजून बाहेर चपलांच्या स्टँडवर आहे. येता-जाता दिसते. आठवड्यातून एकदा मी तिच्यावरची धूळ पुसते. ती कुठल्या कप्प्यात ठेवायची, एवढं काम राहिलं आहे.