उंदरांचा खाऊ

आमचा दादा गेली बावीस वर्षं लोकांच्या घरातली झुरळं, ढेकूण आणि उंदीर मारतोय. एवढा मारेकरी माणूस, पण शेजारच्या बाईने जोरात दार लावलं तरी दचकतो. पाठीवर पंप, नाकावर मास्क, आणि कुणाच्या तरी ओट्याखाली पालथा पडून भिंतीच्या फटीत नळी घालतोय, असा तुम्हाला तो कुठेही दिसेल. गल्लीतल्या एका खोलीत आमचं ऑफिस आहे. एक मांडणी, तिच्यावर औषधांचे डबे, एक टेबल, एक फोन आणि मी. मी त्याची धाकटी बहीण. बुकिंग घेते, पत्ते लिहिते आणि उरलेल्या वेळात त्याच्यावर ओरडते. तेही काम कुणीतरी करायलाच हवं.

दादाला फुकट सल्ला द्यायची खोड आहे. कुणी विचारायचा अवकाश, हा माणूस जेवणाचं ताट बाजूला सारून वाळवीवर बोलत बसतो. म्हणून मीच त्याला इंटरनेटवर एक ग्रुप काढून दिला. म्हटलं, तिथे बोल, माझं डोकं खाऊ नकोस. चार वर्षांत त्यात अकरा हजार माणसं जमली. कोणी ढेकणाचा फोटो टाकायचं, कोणी मुंग्यांच्या रांगेचा. दादा दोन बोटांनी टाइप करत प्रत्येकाला उत्तर द्यायचा. उंदरांच्या औषधाबद्दल लिहिलं की शेवटी एक ओळ ठरलेली: ‘हे विष आहे. पोरांच्या हाताला लागू देऊ नका.’

मग एक दिवस झुरळं कशी मारायची ही त्याची पोस्ट गायब झाली. जागेवर पाटी: हिंसेला उत्तेजन दिल्यामुळे काढण्यात आली आहे.

“मी कोणाला मारलं?” दादाने विचारलं.

“झुरळाला.”

“मग झुरळाने तक्रार केली का?”

मला हसू आवरेना. पण तो खरंच विचारत होता. ‘फेरविचार करा’ असं एक बटण होतं, ते त्याने दाबलं. दोन सेकंदांत उत्तर आलं, निर्णय कायम. दोन सेकंदांत आमच्या दादाचा चष्मासुद्धा सापडत नाही. मी त्याला समजावलं की अरे, तिथे माणूस नसतो, मशीन असतं, ते शब्द बघतं. तो म्हणाला, मग मशीनला सांग ना की झुरळ आहे. आता हे कसं सांगायचं, ते मला तरी कुठे ठाऊक होतं?

दुसऱ्या वेळी ‘औषध मारल्यावर चार तास खिडक्या उघड्या ठेवा’ हे उडालं. तिसऱ्यांदा एका बाईने लिहिलं होतं, ‘दादा, कधीतरी गप्पा मारायला या,’ तेही उडालं. आता मराठीत मारल्याशिवाय होतं काय? हाक मारायची, फेरी मारायची, पोराला मिठी मारायची! मी तर जाम भडकले. पण पाटीवर खाली लिहिलं होतं की आणखी उल्लंघन झालं तर ग्रुप कायमचा बंद. अकरा हजार माणसं, चार वर्षांची उत्तरं. दादाचा चेहरा एवढासा झाला.

तेव्हा शक्कल मी लढवली. मीच. ‘मारणे’ बंद, त्याऐवजी ‘निरोप देणे’. आणि उंदरांचं औषध म्हणजे ‘खाऊ’. लोकांना भारी मजा वाटली. ‘आज पाहुण्यांना खाऊ ठेवला,’ ‘खाऊ घेतला आणि मंडळी घर सोडून गेली.’ अकरा हजार माणसं सराईतपणे असं बोलायला लागली. दादा मात्र अडखळायचा. लिहायच्या आधी मला विचारायचा, “ह्याला काय म्हणायचं ठरलंय आपलं?” त्याची ती शेवटची ओळ, विष आहे म्हणणारी, तीही मीच खोडली. तीन वेळा त्याने लिहिली, तीन वेळा मी खोडली. “ग्रुप घालवायचाय का तुला?” असं म्हटलं मी त्याला.

एका दुपारी एका नव्या बाईने लिहिलं, ‘माझ्या मुलीने खाऊ खाल्ला. दोन वर्षांची आहे. काही होणार नाही ना?’

खाली लाल बदामांची चित्रं आली. कोणी लिहिलं, आमचं कार्टंही दिवसभर खाऊच मागतं. मीसुद्धा हसरा चेहरा टाकला. खोटं कशाला बोलू, टाकला.

दादा माझ्या खांद्यावरून वाचत होता. “कुठला खाऊ?” तो म्हणाला.

“अरे, खाऊ म्हणजे खाऊ.”

“आपला की पोरांचा?”

दादाने स्वतःचा फोन काढला आणि लिहिलं, ‘ताई, उंदराचं विष खाल्लं का?’ ते क्षणात उडालं आणि त्याचं खातं एक दिवसासाठी बंद झालं. उंदरांच्या वड्या निळ्या असतात, म्हणून मग मी माझ्या खात्यावरून विचारलं, निळा होता का? ती म्हणाली, हो, निळी वडी, एक कोपरा खाल्लाय. मी लिहिलं, आत्ताच्या आत्ता दवाखान्यात न्या. ती म्हणाली, निघाले. मला हायसं वाटलं. दादा म्हणाला, आपला नंबर दे तिला. मी म्हटलं, गेलीय ना ती डॉक्टरकडे, आता डॉक्टर बघतील.

तिसऱ्या दिवशी तिचा निरोप आला. मुलीच्या हिरड्यांतून रक्त येतंय, थांबत नाही, पुन्हा दवाखान्यात आणलंय. आता मी नंबर दिला. फोन वाजला, दादाने घेतला. त्याने विचारलं, परवा डॉक्टरांना काय सांगितलंत?

“खाऊ खाल्ला म्हणून सांगितलं. निळा. ते म्हणाले, रंगीत गोळी-बिळी असेल, पाणी पाजा. पोरगी तेव्हा छान खेळत होती हो.”

“पण उंदरांचा, हे सांगितलं नाही?”

“उंदीर तो खाऊन घर सोडून जातात असंच वाचलं होतं ना मी तुमच्याकडे. दुकानदाराने कागदात बांधून दिला. मला वाटलं, उंदरांचं खाणं, पोटात दुखेल, एवढंच. का? काय असतं त्यात?”

आणि माझा दादा, दाराच्या आवाजाला दचकणारा, फोनमध्ये ओरडला, “विष! विष असतं! बाई, डॉक्टरांना द्या फोन!”

डॉक्टर फोनवर आल्यावर त्याने आमच्या मांडणीवरच्या निळ्या वड्यांच्या डब्यावरचं औषधाचं नाव अक्षर-अक्षर वाचून दाखवलं. ह्याने रक्त गोठत नाही, तीन-चार दिवसांनी कळतं, म्हणाला. उतारा आहे म्हणून वाचलो. पोरगी पाच दिवस दवाखान्यात होती. आम्ही बघायला गेलो, तेव्हा आईच्या मांडीवर बसून माझ्या पर्सची चेन उघड-मीट करत होती. तिच्या आईने आम्हाला बसायला खुर्ची दिली. त्यापेक्षा चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं. मला त्या खोलीत उभं राहवेना.

घरी आल्यावर दादा म्हणाला, सगळ्यांना सांगायला हवं. त्याने झालेलं सगळं लिहिलं. उडालं. ‘विष’ काढून लिहिलं, मग ‘रक्त’ शब्दावरून उडालं. मी ते काढलं, मग अजून काहीतरी काढलं, काय ते मलाही कळेना. शेवटी टिकलं ते एवढंच: ‘एका लहान मुलीने आपला खाऊ खाल्ला होता. काळजी घ्या. ती आता बरी आहे.’

तासाभरात चारशे बदाम आले. दादा एकेक उत्तर वाचत खाली गेला आणि एका ठिकाणी थांबला. एका आजींनी लिहिलं होतं, ‘कुठे मिळतो हा खाऊ? माझाही नातू दोन वर्षांचा आहे, काही खातच नाही.’

“फोन लाव त्यांना,” दादा म्हणाला.

“नंबर नाहीये, दादा.”

“मग लिहून सांग.”

“काय लिहू?” मी विचारलं. त्याने दोन बोटांनी ‘वि’ टाइप केलं आणि खोडलं.