साठच्या जरा अलीकडे

आमच्या साप्ताहिकात मेट्रिक शिरलं ते चोराच्या उंचीतून. ‘पोलिस एकशे पासष्ट सेंटिमीटर उंचीच्या इसमाच्या शोधात आहेत’ असं छापून आलं, तेव्हा दारावरचा पहारेकरी म्हणाला, “आता तो समोर येऊन उभा राहिला तरी मी सलाम ठोकीन. पाच फूट पाच इंच लिहिलं असतं तर धरला असता की!” मग पाऊस मिलिमीटरमध्ये गेला, नट्यांच्या कमरा सेंटिमीटरमध्ये. नव्याचे नऊ दिवस म्हणून आम्ही हसून सोडून दिलं. हसू थांबलं ते शिवणाच्या पानावर.

ते पान माझ्या मावशीचं. मावशी घरी शिवणकाम करते आणि महिन्यातून एकदा आमच्याकडे मुलींच्या फ्रॉकचा नमुना देते. मापं, कापायची आकृती आणि शिवलेल्या फ्रॉकचा फोटो. ऑफिसात पानं लावायचं काम माझं, त्यामुळे मी नोकरीला लागल्यापासून तिचं पान माझ्याच हातून गेलं. तरी माझ्या टाळक्यात एक गोष्ट शिरली नव्हती. फुग्याच्या बाह्या गेल्या, परत आल्या, झालरी वर चढल्या, खाली उतरल्या, पण छातीचं माप कधी बदललं नाही. साडेतेवीस इंच.

संपादकांनी पान परत पाठवलं. “इंच बंद. आणि हे एकोणसाठ पूर्णांक अमुक तमुक नको, वाचक घाबरतात. सरळ साठ करा. जमत नसेल तर मी पान दुसऱ्या कुणाला देतो.”

दुपारी मी मावशीकडे गेले. ती मशीनवर होती. मी निरोप सांगितला.

“साठ नाही चालायचं,” ती म्हणाली.

“अगं मावशी, तीन मिलिमीटर! त्यात मुंगीसुद्धा मावायची नाही.”

“ते कुणाचं तरी माप आहे.” तिने धागा दाताने तोडला. “जा, आतलं कपाट उघड. या महिन्याचा फ्रॉक पहिलाच टांगलाय.”

ते कपाट मी कधी उघडलं नव्हतं. उघडलं आणि हात तसाच राहिला. आजवर छापून आलेला एकेक फ्रॉक तिथे टांगलेला होता, आणि सगळ्यांचे खांदे एका रेषेत होते. पंख्याचा वारा आत गेला, तसे सगळे घेर एकदम हलले. भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही. पण मी मागे सरले, हे खरं.

टिचकी. मावशीची मुलगी, माझ्याहून वर्षाने लहान. येताजाता टिचक्या मारायची म्हणून ते नाव. आठव्या वर्षी खोकला छातीत उतरला आणि पोर हां हां म्हणता गेली. घरात तिचं नाव काढायची कुणाची छाती नव्हती. मावशी कामाला लागली, सावरली, असं आम्ही एकमेकांना सांगायचो. कसली सावरतेय डोंबलाची!

“तिच्यासाठी बेतलेला तसाच राहिला होता,” मावशी मागून म्हणाली. “पुरा केला. नुसता कपाटात बंद करून ठेववेना, दुसरीच्या अंगावर बघवेना. म्हणून तुमच्या अंकाला नमुना म्हणून दिला. त्यांनी पुढच्या महिन्यात आणखी मागितला. वेगळं माप घ्यायला हात उचलेना गं.”

“मग आता?”

“साठ लिहिलं तर फ्रॉक तिचा राहत नाही. नाही लिहिलं तर फ्रॉकच राहत नाही.”

मला रडू आलं आणि रागही आला. संपादकाचा, सेंटिमीटरचा आणि माझासुद्धा.

मावशीने डब्यातून एक जुनी टेप काढली. ही टेप तिने टिचकीनंतर कुणाच्याही अंगाला लावलेली नव्हती. साडेतेवीसच्या खुणेवर लाल दोऱ्याचा टाका होता. “माप घेताना छाती फुगवून उभी राहायची, खोडकर कुठली. मी म्हणायचे, श्वास सोड गं. तिने सोडला आणि मी टाका घातला.”

मी टेप हातात घेतली. दोरा आरपार गेला होता, म्हणून उलटून पाहिलं. मागे सेंटिमीटर होते. टाका साठच्या रेघेच्या जरा अलीकडे निघालेला.

“मावशी, इंच तुझ्याकडे तोंड करून होते. तिच्या अंगाला हे आकडे लागले होते.”

तिने चष्मा पुसला आणि तो टाका नि ती रेघ यांच्यामधल्या जागेवर नख ठेवलं.

“एवढी जागा मी तिला ठेवलीच नव्हती,” ती म्हणाली. “साठ लिही. श्वास घेऊ दे पोरीला.”

साठ छापलं. कुणाला काही कळलं नाही, एक पत्रसुद्धा आलं नाही.

पुढच्या महिन्यात मावशीचं पाकीट आलं. पान लावताना मी मापं वाचली. छाती एकसष्ट. उंचीही सेंटिमीटरभर जास्त. मी ते आकडे तसेच पुढे पाठवले.

संपादक पान घेऊन आले. “अहो, गेल्या महिन्यात साठ होतं ना? मग हे वाढलं कसं?”

“वाढत्या अंगाची आहे,” मी म्हटलं.

त्यांनी सही केली.