भिंती तानाबाईच्या हातच्या

वायरमनच्या नोकरीतून निवृत्त झाल्यावर धम्मरत्न गवईंनी देऊळघाटच्या शेतातलं मातीचं घर नीट करायला घेतलं. बांधलेलं आजोबांनी, किसनरावांनी, असं घरात सगळेच सांगत. मुलगी पायल म्हणाली, पाडून स्लॅब टाका. गवंड्यांनी तर धाब्याला हात लावायलाच नकार दिला. लाकडी सऱ्यांवर काड्या आणि वर पांढरी माती, असलं छत घालणारं कुणी उरलं नव्हतं.

धाडच्या बाजारात कुणीतरी अजून धाबं घालणाऱ्या गोजरबाईंचं नाव सांगितलं. पंच्याहत्तरीची बाई. धम्मरत्न तिला जीपने घेऊन आले. तिने छताकडे पाहिलंच नाही. लिंपण झडलेल्या भिंतींवर हात फिरवत घराला एक फेरी मारली.

"हे बाईमाणसाचं काम हाय," ती म्हणाली.

"काऊन म्हणता?"

"थर पाहा ना. वीतवीतभराचे. गडी हातभराचा थर चढवते. आन् एकटीचं काम हाय, माती द्याले पाठीमागं कोणी नव्हतं."

धम्मरत्नांची आजी तर कधी मातीत उतरल्याचं कुणी सांगितलं नव्हतं. रविवारी ते एसटीने वडनेर भोलजीला आत्याकडे गेले. सिंधूताई चौऱ्याऐंशीच्या. प्रश्न ऐकून त्यांनी निवडायला घेतलेले तांदूळ बाजूला सारले.

"तानाबाईनं बांधलं," त्या म्हणाल्या. "बाबाची पहिली बायको. बाबा भुसावळले रेल्वेत होते, तवा दोन वर्षं खपली ती. लेकरू झालं नाई, म्हणून बाबांनी माह्या मायले आणलं."

"आन् ती?"

"तिथंच राह्यली. मले तिनंच न्हाऊ घातलं, अंगाखांद्यावर खेळवलं. मी पाच वर्षांची असताना मायचं आन् तिचं जमेना. बाबांनी तिले तिच्या भावाकडं पोचवून देल्लं. मंग कोणी नाव काढलं नाई."

"तुम्ही तरी सांगायचं होतं, आत्या."

"कोणी इचारलं?"

परतताना धम्मरत्न खिडकीशी बसून होते. आजोबांचा राग यावा असं त्यांना वाटत होतं. पण माणूस जाऊन पन्नास वर्षं झाली होती, आणि राग काही धड येईना.

धाबं पंधरा दिवसांत झालं. एका भिंतीचे थर लोकांना दिसावेत म्हणून उघडे ठेवू, असं धम्मरत्न म्हणाले. गोजरबाईंनी ऐकलं नाही. "उघडी राह्यली तं पाण्यानं धसन. तिनं राहाले बांधलं, दाखवाले नाई." सगळ्या भिंती लिंपल्या गेल्या.

बुद्धपौर्णिमेला नव्या छताखाली वंदना झाली. नंतर घरातल्या गेलेल्या माणसांची नावं घ्यायची होती. धम्मरत्नांनी नावांचा कागद सिंधूताईंपुढे धरला. त्यांनी तो वाचला नाही. "तानाबाई किसनराव गवई," असं स्पष्ट म्हणाल्या आणि मग आपल्या आईचं नाव घेतलं.

पायलने वडिलांना हळूच विचारलं, "ही आपली कोण?"

"तुही मोठी पणजी," धम्मरत्न म्हणाले आणि पंगतीच्या पत्रावळी मांडायला उठले.