चिठ्ठीवर नसलेलं पाणी

लोक आता मला मल्टिमीडिया आर्टिस्ट म्हणतात. माती, गोणपाट, पत्रा, टेपवरचे आवाज, हाताला लागेल ते एकत्र आणून मी काम करतो. हे सगळं कुठून सुचलं, असं कुणी विचारलं की मी काहीतरी भारदस्त ठोकून देतो. खरं उत्तर द्यायची अजून छाती होत नाही.

लातूर नवा जिल्हा झाला होता. नांदेडहून चित्रकलेचा कोर्स करून मी घरी येऊन बसलो होतो आणि एकदम माझी सुगी आली. जिथं तिथं पाट्या बदलायच्या होत्या. 'जिल्हा उस्मानाबाद' खरवडायचं, 'जिल्हा लातूर' लिहायचं. खरवडलेल्या रंगाच्या खपल्या मी एका डब्यात साठवत होतो. आई म्हणायची, "मानसं दाणे साठवत्यात, ह्यो खपल्या साठवायलाय!"

पावसाला मात्र नव्या जिल्ह्याचं काही कौतुक नव्हतं. तळं आटलं, नळ कोरडे पडले, टँकर आला तर आला. त्याच उन्हाळ्यात शाळेच्या हॉलमध्ये चित्रांचं प्रदर्शन ठरलं. मी दाराएवढी चौकट केली, वडिलांच्या दुकानातलं गोणपाट तिच्यावर ताणलं, तळ्यातला गाळ थापला आणि त्यात त्या खपल्या रोवल्या. मागं टेपरेकॉर्डर ठेवायचा होता. त्यात एकच आवाज, आटलेल्या आडात घागर तळाच्या दगडावर घासते तो. तो मी एका पहाटे मठाच्या आडावर जाऊन टेपवर भरून आणला होता. हे ऐकून साहेबलोकांची झोप उडेल अशी माझी कल्पना. वयच तसलं होतं.

आदल्या दिवशी दुपारी गाळ वाळून कडेनं सुटायला लागला. ओला फडका फिरवला नसता तर सगळंच गळून पडलं असतं. घरातला रांजण कोरडा ठणठणीत. शेजारी पाणी होतं, पण चिखलाला मागितलं असतं तर शेजारणीनं पायताणच काढलं असतं. देवळीत तेवढा एक तांब्या भरलेला होता, वर फडकं झाकलेला.

ते पाणी कशाचं, हे आमच्या घरात कुणाला सांगावं लागत नव्हतं. आम्ही लिंगायत. आई रोज तळहातावर इष्टलिंग घेऊन पूजा करायची आणि ती झाल्याशिवाय पाण्याचा थेंबही तोंडात घ्यायची नाही. पूजेचं पाणी तिनं स्वतःच आणलेलं लागे, दुसऱ्याच्या हातचं चालत नसे. पहाटे मठाच्या आडावर नंबर लावायचा, घागर सोडली की तांब्याभर मिळायचं, आणि पुढचा तांब्या दुसऱ्या दिवशी.

एरवी तिची पूजा सकाळीच आटपायची. म्हणजे आजही झाली असणार, हे उरलेलं असणार, असं मी स्वतःला सांगितलं. पटलं नव्हतं, पटवून घेतलं. फडका भिजवला. गाळ कसा सुरेख बसला, काय सांगू! बारीक बारीक भेगा पडत गेल्या आणि मी खुशीत शीळ घालत होतो.

आई आली ती रिकाम्या घागरी घेऊन. पहाटे पूजेचं पाणी ठेवून ती तशीच टँकरच्या रांगेत गेली होती, आणि टँकर आलाच नव्हता. तिनं देवळीत बघितलं. मग माझ्या बरबटलेल्या हातांकडं बघितलं.

"पूजा राहिली हुती माजी," ती म्हणाली. एवढंच.

"आई, शेजारून आणू का?"

"नगं. तुला ठाऊक न्हाई व्हय?"

ठाऊक होतं. म्हणून तर मान वर होईना. उन्हात उभी राहून तिचे ओठ फुटले होते. ती भिंतीला टेकून बसली. दुसऱ्या दिवशी आडावरून पाणी आणून पूजा होईपर्यंत तिनं थेंबही तोंडात घेतला नाही. शेजारणीकडून आणलेलं पाणी मी प्यालो. भाकरीही खाल्ली. लाज वाटते लिहायला, पण खाल्ली.

प्रदर्शनात मोठे साहेब माझ्या कामापुढं थांबले. चौकटीखालची चिठ्ठी त्यांनी मोठ्यानं वाचली, "साहित्य: माती, गोणपाट, जुना रंग, ध्वनी." वा वा म्हणाले, पाठ थोपटली. मी फुगलो.

ते गेल्यावर आई आली. पूजा करून, कपाळाला भस्म लावून, उन्हातून चालत. टेपमधला आवाज ऐकून म्हणाली, "ही माजीच घागर हाय." मग चिठ्ठीकडं बोट केलं. तिला अक्षर येत नव्हतं. "काय लिवलास? वाच की."

मी वाचलं. माती, गोणपाट, जुना रंग, आवाज. ती पुढं काय येतंय म्हणून थांबून राहिली.

"आणि पाणी," मी म्हणालो.

"कुटं हाय? दाव."

मी तिचं बोट धरलं आणि 'माती' या शब्दावर ठेवलं.

तिनं ते बोट डोळ्यांना लावलं. "बरं केलास बाबा," म्हणाली, "लिवलास ते." आणि घराकडं निघून गेली.

आता आई नाही. गाळ कधीच झडून गेला, चौकट मोडली. चिठ्ठी तेवढी माझ्या पेटीत आहे. कितीदा पेन घेऊन बसलो, पुढं तो एक शब्द लिहायला. लिहवत नाही. 'माती'वर अजून तिच्या बोटाचं भस्म आहे.