खेचरतात्यांचा एकच उपाय

पोट दुखो, जावई रुसो नाहीतर रेडा माजो, आमच्या खेचरतात्यांचा उपाय एकच: "चालीव त्येला!" तात्या माझ्या वडिलांचे, आबांचे, चुलतभाऊ. पलटणीत खेचरं सांभाळायचे. लढाई चालू असताना रजेवर कृष्णाकाठी आमच्या गावी आले आणि गावालाच खेचर समजून हाकू लागले.

त्याच सुमाराला आमची वहिनी लग्न होऊन आली आणि तिच्यामागून आंदणाचा बैल, सर्जा. आमच्या सोन्या बैलाचा जोडीदार नुकताच गेलेला, त्यामुळे सगळ्यांना आनंद. सोन्या सोडून. सर्जा दिसला की त्याची शिंगं खाली. आबा वैतागले. "औताला धड जुपत न्हाईत. येत्या बाजारात दोन्ही इकतो आन् जमल्याली जोडी आणतो."

सोन्याला मी वासरापासून वाढवलेला. मी चौदा वर्षांची, म्हणजे जगातलं सगळं कळत होतं. दोघांपुढे एकाच पाटीत गूळभाकरी ठेवली. एकत्र जेवले की भाऊ होतील! सोन्याने सर्जाला भिंतीशी दाबलं, पाटी उडाली आणि मी कडब्याच्या गंजीवर. वरून मी ओरडले, "सर्जानंच खोड काढली!"

वहिनी खालून म्हणाली, "व्हय तर! शिंगं सोन्याची आन् खोड सर्जाची!"

झालं, आमचा अबोला.

तात्या पोट धरून हसले. "अगं येडे, खाण्यावरनं तर भांडत्यात सारी! संगं दमवा त्येस्नी. डोंगरात संगं चालल्याली आमची खेचरं एकमेकाबिगर पाणी पीत न्हवती." आणि त्यांनी सोन्याचा कासरा वहिनीच्या हातात दिला, सर्जाचा माझ्या.

रोज सकाळी नदीच्या वाळूतून चौघांची वरात. जू नाही, औत नाही, नुसतं चालायचं. तात्या मागून "चल मेरे शेर!" करत. पहिल्यांदा बैल लांब लांब ओढायचे, मग दमून आपसूक बाजूबाजूने चालायचे. आम्ही मात्र ताठ. मी म्हणायची, "सर्जा, तुझ्या मालकिणीला म्हणावं, कासरा ढिला सोडा."

"सोन्या, वन्संस्नी सांग, नाक वर करून चालू नका, म्होरं गाळ हाय."

मी कसली ऐकते! गुडघ्यापर्यंत रुतले. ओढायला आलेली वहिनीही फतकल मारून गाळात. हसून हसून आम्हाला उठवेना. पाहतो तर कासरे सुटलेले आणि सर्जा सोन्याची मान चाटतोय.

"बैलांचं जमलं," तात्या म्हणाले, "पोरींचं मला सांगता येत न्हाई."

बाजाराच्या दिवशी आबांनी दोघांना गाडीला जुंपून पाहिलं. एका चालीत निघाले. आबांनी बाजाराच्या फाट्यावरून गाडी सरळ स्टेशनकडे घातली. तात्यांची रजा संपली होती.

"बसून ऱ्हाऊ नगा गं," आगगाडी हलताना तात्या ओरडले.

लढाईतून ते परतले नाहीत.

पुढे वहिनीचं नि माझं भांडण झालं नाही असं मुळीच नाही. लग्नानंतर मी माहेरी गेले की दुसऱ्या दिवशी शब्दाला शब्द लागायचाच. मग वहिनी पायात वहाणा सरकवी. मीही. नदीपर्यंत दोघींची तोंडं फुगलेली, आणि येताना दोघींच्या पदरात बोरं.