चार नंबरचा ससा आणि टकल्या इसम

बसा, चहा येतोय. तोवर माझी फजिती ऐकून घ्या. बाहेरून ऐकलीत तर त्यात तिखटमीठ जास्त असेल, त्यापेक्षा माझ्याच तोंडून ऐकलेली बरी!

तुम्हाला माहीतच आहे, मी धुळ्याला देवपुरातल्या कॉलेजात शिकवतो आणि तिथल्या प्राणिगृहाचा प्रमुखही आहे. प्रमुख म्हणजे काय, तर बारा ससे, एक वजनकाटा, सतरा रजिस्टरं आणि नाना. नाना म्हणजे आमचे प्राणिगृहाचे कर्मचारी. तीस वर्षं तिथेच काढलेला माणूस, निवृत्तीला दोन वर्षं राहिलेली.

माझी पीएचडी त्या बारा सशांवर. केळीची पानं वाळवून केलेला चारा सशांना मानवतो का, एवढाच साधा प्रश्न. मी पडलो फैजपूरचा, केळीशिवाय मला दुसरं काय सुचणार? पण साधा प्रश्न असला तरी नियम कडक. सशाला काय खायला द्यायचं, किती द्यायचं, सगळं एथिक्स कमिटीच्या परवानगीने. वरून एक दाणा जरी दिला, तर कामच बंद!

आणि नेमका चार नंबरचा ससा फुगायला लागला.

बाकीचे अकरा आपले शहाण्यासारखे, आणि हा पठ्ठ्या दर सोमवारी काट्यावर बसला की काटा पुढेच! पुढच्या टप्प्याची परवानगी द्यायला कमिटी महिन्याभरात येणार होती. वजनाचा तक्ता बघितला की पहिला प्रश्न हाच येणार. तीन वर्षांची मेहनत पाण्यात!

कोणीतरी त्याला चोरून खायला घालत होतं. कोण? अहो, किल्ल्या दोनच. एक माझ्याकडे, एक नानांकडे. आता मी तर घालणार नाही!

"नाना, खरं सांगा. चार नंबरला काय देता?"

"सर, मनी मायनी आन! एक दाना जास्ती देत नही मी."

"मग तो काय हवा खाऊन फुगला?"

नानांचा चेहरा एवढासा झाला. पण मी ऐकतोय थोडाच! दुसऱ्या दिवसापासून दारात त्यांची पिशवी तपासायला लागलो. दारावर पाटी लावली, 'प्राण्यांना काहीही खाऊ घालू नये.' एकदा तर त्यांचे खिसे उलटे करायला लावले. निघाली काय, तंबाखूची डबी आणि नातीची क्लिप. तरी माझा संशय काही जाईना.

बरं, रोज संध्याकाळी रजिस्टरमध्ये लिहायचं असतं, 'आज प्राण्यांना ठरलेल्या चाऱ्याशिवाय काही दिले का?' मी रोज झोकात लिहायचो, 'नाही.' खाली सही.

शेवटी प्राचार्यांच्या मागे लागून छताला कॅमेरा बसवून घेतला. प्राचार्य म्हणाले, "दोषी सापडला तर त्याचं काय करायचं, तेही लिहून द्या." मी बसलो की लिहायला! दोषी इसमाचा फोटो प्राणिगृहाच्या दारावर लावावा, तीन महिने त्याला एकट्याला आत सोडू नये, आणि आत येताना दुसऱ्या कर्मचाऱ्याने त्याची झडती घ्यावी. असला खूश झालो मी त्या कागदावर!

कमिटी आली. अध्यक्ष होत्या जळगावच्या एक पशुवैद्य मॅडम, कमी बोलणाऱ्या, चष्म्यावरून बघणाऱ्या. मी ऐटीत म्हणालो, "मॅडम, एका सशाच्या बाबतीत गडबड आहे. पण चोर मी पकडलाय, आत्ता तुमच्यासमोर दाखवतो." नाना कोपऱ्यात हात जोडून उभे. रेकॉर्डिंग मी आधी बघितलं होतं का? छे! कशाला बघू? चोर कोण ते मला माहीत होतं ना!

पडद्यावर सकाळचे नाना आले. झाडलं, पाणी बदललं, मोजून चारा टाकला, कुलूप लावून गेले. काहीच नाही. माझं तोंड जरा उतरलं.

मग दुपारी एकला दार उघडलं. पांढरा ॲप्रन घातलेला एक माणूस आत आला. कॅमेरा बरोब्बर डोक्यावर, त्यामुळे तोंड दिसेना. दिसत होतं फक्त मधोमध एक गुळगुळीत टक्कल. त्याने बेसिनवर हात धुतले, खिशातून भाकरीचा तुकडा काढला, कपाळाला लावला आणि शेजारच्या चार नंबरच्या पिंजऱ्यात टाकला. मग हात जोडून गेला.

"सापडला!" मी ओरडलो. "बघा मॅडम, कसा निर्लज्ज आहे!"

"टोपीपण घातलेली नाही," मॅडम म्हणाल्या.

"तेच म्हणतो मी! एक नियम पाळेल तर शपथ! कोण आहे हा टकल्या? नाना, तुम्ही किल्ली कोणाला दिली?"

नाना पडद्याकडे बघत होते. मग माझ्याकडे बघितलं. मग परत पडद्याकडे.

"सर... ते तुम्हीच शेतस."

"काहीतरीच काय! मला कुठे टक्कल आहे?"

"शे ना सर. मी स्टूलवर चढीसन पंखा पुसस, वरतीन माले बठ्ठं दिसस."

मी डोक्यावर हात नेला. हाताला केस लागलेच नाहीत हो!

आणि मग डोक्यात लख्ख प्रकाश पडला. आमची आई! फैजपूरला आमच्या घरी मुक्या जनावराला घास दिल्याशिवाय कोणी जेवत नाही. रोज फोनवर विचारते, "घास काढतो ना रे भाऊ?" मी म्हणतो, "हो गं." गावाकडे गाय होती. इथे कॉलेजात तिसऱ्या मजल्यावर कुठली गाय? जेवायच्या आधी प्राणिगृहातल्या बेसिनवर हात धुवायला जायचो, तिथलं सगळ्यात जवळचं मुकं जनावर म्हणजे चार नंबर! देवाशप्पथ सांगतो, मी त्याला 'खायला घालतोय' असं मला एकदाही वाटलं नाही. घास काढणं वेगळं आणि खायला घालणं वेगळं!

हे सगळं मी कमिटीला पटवून सांगितलं. मॅडम पदराने डोळे पुसेपर्यंत हसल्या. चार नंबर अभ्यासातून बाद झाला, कबुली दिली म्हणून माझं काम वाचलं. माझा जीव भांड्यात पडतोय तोच मॅडमनी फाईलमधून एक कागद काढला. "शिक्षेचं सगळं तुम्ही व्यवस्थित लिहिलंच आहे. आम्ही फक्त सही करतो."

नानांची मी सगळ्यांसमोर माफी मागितली. मनापासून मागितली. नाना म्हणाले, "जाऊ द्या सर." मला वाटलं, मिटलं.

कसलं मिटतंय! दारावर आता वरून काढलेला तो फोटो आहे, खाली 'या इसमास एकट्यास आत सोडू नये.' रोज सकाळी मी दारात उभा राहतो, नाना माझे खिसे तपासतात, आणि मग गंभीर चेहऱ्याने म्हणतात, "डोकं वाकाडा सर. फोटोसंगे जुळस का, देखनं पडी."

आणि मी रोज नानांसमोर मान खाली घालतो.